चोविसावा आठवडा आणि पहिल्या पानावरचा आकडा

आमच्या घरचा विजेचा मीटर जिन्याखाली आहे, जेमतेम गुडघ्याच्या उंचीवर. 2018 पासून दर रविवारी सकाळी मी तिथे वाकून आकडा वाचते आणि निळ्या वहीत उतरवते. पाणी किती लागलं, गॅस किती दिवस पुरला, गाडी किती किलोमीटर चालली, तेही त्याच वहीत. पहिल्या पानावर मात्र मीटरचा आकडा नाही. तिथे मी जाड पेनानं लिहून ठेवलं होतं : 58.6.

2017 मध्ये सेथ वाइन्स आणि किंबर्ली निकोलस या दोन संशोधकांचा एक शोधनिबंध आला होता. माणसानं स्वतःच्या जगण्यात काय बदललं तर किती कार्बन वाचतो, याची त्यात तुलना होती. अटलांटिक महासागरापार विमानानं एकदा जाऊन येणं टाळलं तर 1.6 टन. गाडी न ठेवता जगलं तर वर्षाला 2.4 टन. आणि एक मूल कमी होऊ दिलं तर, विकसित देशांच्या सरासरीनं, वर्षाला 58.6 टन.

तो आकडा वाचला तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी बल्ब बदलत होते, कपडे दोरीवर वाळवत होते, जवळची सगळी कामं सायकलवर करत होते. या सगळ्याची बेरीज त्या एका ओळीपुढे काहीच नव्हती. मूल हवं की नको, यावर आम्ही पुढची कित्येक वर्षं बोलत राहिलो. कारणं बरीच होती, नोकऱ्या होत्या, आजारपणं होती. पण माझ्यापुरतं खरं सांगायचं तर पहिल्या पानाचा त्यात मोठा वाटा होता. मूल हवं असं म्हणायचीच मला चोरी वाटायची.

आता मला चोविसावा आठवडा लागलाय.

दिवस गेल्याचं कळलं त्या रात्री झोप लागेना, म्हणून मी तो निबंध पुन्हा काढून बसले. या वेळी नुसता आकडा नाही, तो कसा आलाय तेही वाचलं. त्याचं मूळ 2009 च्या एका जुन्या अभ्यासात आहे. त्यात मुलाच्या उत्सर्जनाचा निम्मा भाग आईच्या नावावर आणि निम्मा बापाच्या नावावर धरलाय. नातवंडाचा पाव भाग, पतवंडाचा त्याच्या निम्मा, असं पुढे पिढ्यान्पिढ्या. ती सगळी बेरीज आईबापाच्या आयुष्याच्या वर्षांनी भागायची. शिवाय 58.6 येतो तो माणशी उत्सर्जन आहे तेवढंच राहील असं धरल्यावर. ते हळूहळू घटत जाईल असं धरलं तर एकूण बेरीज कितीतरी पटींनी खाली येते, हेही त्याच जुन्या अभ्यासात आहे.

म्हणजे माझ्या पणतीच्या घरात वीज कोळशाची असेल की उन्हाची, हे आजच ठरल्यासारखं धरून त्याचा वाटा माझ्या नावावर मांडलाय. संशोधकांचा हिशेब चुकला असं मी म्हणत नाही. त्यांनी एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर काढलं. मीच ते उत्तर भलत्या प्रश्नाला जोडून इतकी वर्षं उराशी धरलं होतं. जन्मालाही न आलेल्या माणसाला खर्चाच्या रकान्यात बसवायचं मला आता पटत नाही. त्याच्या भोवती मी काय काय गोळा करते, ते मात्र नक्कीच माझ्या रकान्यातलं आहे. त्या पानावर काट मारली नाही. आकड्याखाली पेन्सिलनं तो कसा काढलाय ते लिहिलं आणि वही मिटली.

पहिले तीन महिने तसं फारसं काही हातून झालं नाही. मळमळीमुळे खताच्या डब्याजवळ उभं राहवत नव्हतं. सालं टाकणं, वरखाली करणं, सगळं नवऱ्यानं घेतलं. मला वाटलं होतं बरं वाटलं की पुन्हा आपण करू. पण डॉक्टरांनी मातीचं काम करताना हातमोजे घालायला सांगितलं. मांजराच्या विष्ठेतून मातीत टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येतो, आणि गरोदरपणात त्याची पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला धोका असतो. आमच्या कुंड्यांत शेजारचं मांजर रोज लोळतं. म्हणून आता मोजे, आणि नंतर साबणानं हात. खत अजूनही नवराच बघतो, आणि माझ्यापेक्षा त्याचं खत चांगलं भुरभुरीत होतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला लंगोटांनी. मी गृहीत धरलं होतं की कापडी म्हणजे चांगले, डायपर म्हणजे वाईट, संपला विषय. मग ब्रिटनच्या पर्यावरण खात्यासाठी झालेले दोन अभ्यास वाचले. 2008 च्या अभ्यासात अडीच वर्षांच्या वापराचा हिशेब होता : डायपर सुमारे 550 किलो कार्बन डायऑक्साइड, कापडी सुमारे 570 किलो. म्हणजे जवळपास सारखेच! मी दोनदा वाचलं. कारण सरळ होतं. डायपरचा भार मुख्यतः तो बनवताना पडतो, कापडीचा भार धुताना आणि वाळवताना. पाणी जास्त तापवलं, ड्रायर फिरवला, की कापडी डायपरच्याही पुढे जातो. मशीन पूर्ण भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले, तर मात्र कापडीचा भार मोठ्या प्रमाणात घटतो. 2023 मध्ये याच विषयावर नवा अभ्यास आला, त्यात कापडीचा भार डायपरपेक्षा साधारण 25 टक्के कमी निघाला.

म्हणजे सगळं येऊन थांबलं आमच्या दोरीवर आणि लंगोट कुठून आणायचे यावर. मी ताईला फोन केला. तिच्या धाकट्याचे लंगोट माळ्यावर पडलेत हे मला माहीत होतं.

“घेऊन जा ना, चोवीस असतील,” ताई म्हणाली. “दोन मुलांना वापरलेत, पण कापड अजून छान आहे. काहींचं इलास्टिक गेलंय, तेवढं बदलून घे.”

“बास, मग डायपर आणायलाच नकोत.”

“तसं नको करू. अगं, रात्री तीन वाजता बाळ रडत असताना तुला टन आणि किलो आठवणार नाहीत. एक पॅकेट घरात असू दे. प्रवासाला लागेल, तुला ताप आला तर लागेल. आणि ते उघडलंस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस.”

ताई हे फार हळू बोलली. तिला पहिल्या वेळी काय झालं होतं ते मला माहीत आहे, म्हणून मी वाद घातला नाही. पॅकेट आणून ठेवलंय. नवजात बाळाला दिवसाला दहाबारा लंगोट लागतात, म्हणजे चोवीस फार तर दोन दिवस पुरतील. पावसाळी हवेत ते वाळायला दीड दिवस लागला तर? म्हणून जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या दोन सुती चादरी कापून आणखी बारा शिवलेत. चादर जितकी जुनी तितकं कापड पाणी चटकन शोषतं, हे शिवता शिवता कळलं.

बाळाच्या कपड्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जन्मताना साधारण 50 सेंटिमीटरचं मूल वर्षभरात 75 च्या आसपास पोचतं. म्हणजे पहिले कपडे काही आठवड्यांचेच सोबती. दोन पिशव्या भरून आलेत, एकही नवा नाही, एकही फाटका नाही.

पण सगळंच जुनं घेऊन चालत नाही, आणि हे मला थोडं दुखवून कळलं. एका ओळखीच्या घरून लाकडी कॉट आली. दिसायला इतकी सुंदर की मी ती पुसता पुसता तिच्याशी बोलत होते. मग टेप घेऊन गजांमधलं अंतर मोजलं. ते सहा सेंटिमीटरहून जास्त नको, नाहीतर बाळाचं अंग त्यातून सरकून डोकं अडकू शकतं. आमच्या कॉटचं निघालं साडेसात. शिवाय तिची एक बाजू खाली सरकणारी होती. तशा कॉटमध्ये बाळं अडकून दगावली म्हणून अमेरिकेत 2011 पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. रंगही जुना, पोपडे निघालेला. मी घासून नवा रंग देणार होते, पण जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि घासताना त्याची धूळ उडते. शिसं शरीरात इतकं असलं तर चालेल अशी कुठलीही सुरक्षित पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कॉट परत केली. देणाऱ्या काकूंना कारण समजावून सांगितलं, त्यांनीही ती पुढे कुणाला दिली नाही. गाडीतल्या बाळाच्या सीटचं तेच. मिळत होती ती एका अपघातातून गेलेली होती. बाहेरून धड दिसली तरी तिचा सांगाडा आतून कमकुवत झालेला असू शकतो. ती एक वस्तू आम्ही कोरी घेतली.

आता प्रवासाचं. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन वर्षं एक नकाशा लावलेला होता. डोंगरातली नऊ दिवसांची पायवाट, मधे 3,500 मीटरवरची खिंड. रजा साठवल्या होत्या, बूट घालून घालून सैल केले होते. इतक्या उंचीवर हवा विरळ, आणि काही झालं तर दवाखाना दोन दिवसांच्या चालीवर. डॉक्टरांना विचारायच्या आधीच मला उत्तर माहीत होतं. तरीही नकाशा काढायला मला तीन आठवडे लागले. काढला त्या दिवशी रडले. बाळ हवंच होतं आणि ती खिंडही हवी होती, दोन्ही खरं आहे.

मग ठरला समुद्र. बाळ यायच्या आधी आठ दिवस दोघांनी कुठेतरी जाऊन नुसतं बसायचं. चौदाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यांमधला काळ प्रवासाला सगळ्यात बरा मानतात : मळमळ ओसरलेली असते आणि पोट अजून फार जड झालेलं नसतं. प्रश्न होता जायचं कसं. विमानानं दोन तास. रेल्वेनं सोळा.

मी गेली सहा वर्षं सुट्टीसाठी विमानात बसलेले नाही. नवऱ्यानं तरीही विमानाची तिकिटं बघून ठेवली होती.

“तुझ्या तत्त्वासाठी तू सोळा तास अवघडून बसणार?” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण घाबरलेला होता.

“डॉक्टरांना विचारू. त्या विमान बरं म्हणाल्या तर विमानानं जाऊ. मी एक शब्द बोलणार नाही.”

ते मी मनापासून म्हटलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, विमानाला काहीच हरकत नाही. गरोदरपण सुरळीत असेल आणि पोटात एकच बाळ असेल तर बऱ्याच कंपन्या छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत नेतात, अठ्ठावीसनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात. चिंता वेगळीच असते. गरोदरपणात रक्त लवकर गोठतं, आणि चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसून राहिलं की पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो, मग वाहन कुठलंही असो. घट्ट मोजे घाला, पाणी पीत राहा, तासा-दीड तासानं उठून चाला. रेल्वेनं जायचं तर मधे एक रात्र उतरा.

चालायला रेल्वेत जागा तरी असते! सोळा तासांचे आम्ही दोन तुकडे केले, पहिला नऊ तासांचा, मग एक रात्र मुक्काम, मग सात. जाग्याची तिकिटं डब्याच्या टोकाला, मार्गिकेच्या बाजूची, म्हणजे उठताना कुणाला सरकवायला नको आणि शौचालय जवळ. नवरा ते आरक्षण करताना माझ्या शेजारी बसून प्रत्येक स्टेशनजवळचं रुग्णालय शोधून वहीत लिहीत होता. निळ्या वहीत. पाण्याच्या आणि गॅसच्या रकान्यांशेजारी त्याच्या अक्षरात सहा स्टेशनांची नावं आहेत, प्रत्येकापुढे अंतर.

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीनंतर तो जरा निवांत झाला. त्याच आठवड्यात एका रात्री मी शिवण बाजूला ठेवून पडले होते आणि पोटात काहीतरी फडफडलं. आधी वाटलं, वायू असेल. मग पुन्हा, त्याच जागी. मी त्याला हाक मारली, त्यानं हात ठेवला, पण बाहेरून अजून काही कळण्यासारखं नव्हतं. तरी तो कितीतरी वेळ हात ठेवून बसला.

आता बाहेरूनही कळतं.

काल रविवार होता. मी जिन्याखाली वाकायला गेले आणि मधेच थांबले, पोट आड आलं. नवऱ्यानं मला पायरीवर बसवलं, स्वतः उकिडवा बसून आकडा मोठ्यानं वाचला, मी लिहिला. मग तिथेच बसून आम्ही बॅगेची यादी पुरी केली : घट्ट मोजे, पाण्याच्या दोन बाटल्या, सगळे रिपोर्ट, डॉक्टरांचं पत्र, पायाखाली घ्यायची उशी, आणि समुद्रावर बसून इलास्टिक बदलायला ताईचे सहा लंगोट. गाडी गुरुवारी सकाळी साडेसहाची आहे.