तुम्ही विचारलंत म्हणून : रेड अलर्ट दिला आणि ऊन पडले

हवामान खात्यातून निवृत्त होऊन रत्नागिरीत राहायला आल्यापासून मला वरचेवर विचारले जाते, "काका, रेड अलर्ट दिला की आमच्याकडे ऊन पडते, मग इतकी वर्षे तुम्ही तिथे केलेत काय?" प्रश्न खोचक असला तरी रास्त आहे.

जिल्ह्याला दिलेला इशारा त्यातल्या प्रत्येक वाडीला लागू पडेलच असे नसते. अरबी समुद्रावरून येणारे बाष्प सह्याद्रीला अडून वर चढते, त्यातच किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा असला की पाऊस जोर धरतो, आणि इथपर्यंतचा अंदाज दोन-तीन दिवस आधी बांधता येतो. परंतु सर्वांत मोठी सर संगमेश्वरवर कोसळेल की लांज्यावर, हे इतक्या आधी सांगता येत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्याच मुंबईत कुलाब्याला ७४ मिलिमीटर. (आणखी एक घोटाळा असा की आमचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे काल रात्रीचा पाऊस आजच्या आकड्यात दिसतो आणि लोक आम्हाला खोटे ठरवतात.) शिवाय लाल रंगाचा अर्थ प्रशासनाने कृती करावी असा आहे, छत्री घ्यावी की नाही, हे ठरवण्यासाठी तो नाही.

पर्जन्यमापक वाचणे, हायड्रोजनचे फुगे सोडणे, नोंदी आकड्यांच्या संकेतात पाठवणे, ही कामे मी केली. पण नोकरीचे मोल मला मच्छीमारांच्या इशाऱ्यात वाटते. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आले तेव्हा हंगाम चालू होता, बोटी समुद्रात होत्या, आणि कोकणातले अनेक खलाशी परतले नाहीत. खोल समुद्रातल्या बोटीपर्यंत इशारा पोहोचवणे हे अंदाज काढण्याहून अवघड असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर अलिबागच्या दक्षिणेला धडकले, तेव्हा मात्र वादळापूर्वी किनाऱ्यावरची माणसे हलवता आली.

उन्हाची तक्रार करणाऱ्याला मी हे सगळे समजावून सांगतो. बंदरात धोक्याचा बावटा चढलेला पाहून बोट न काढणाऱ्या आणि नंतर वारा न सुटल्यामुळे चिडलेल्या तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) मात्र मी काही समजावत नाही, कारण मासे टिकवायला घेतलेल्या बर्फाचे पैसे आणि खलाशांची मजुरी त्याच्या अंगावर पडलेली असते, आणि पुढच्या वेळी तशीच शंका आली तर मी तोच इशारा पुन्हा दिला असता.