स्ट्रेनखाली लोह-अतिवाहकाचा रोध मोजताना

तार ओढली की लांबते, बारीक होते, म्हणून तिचा रोध वाढतो. बेरियम-आयर्न-आर्सेनाइड हा लोह-अतिवाहकांचा मूळ पदार्थ. त्याचा स्फटिक लोह-लोह दिशेत (शेजारच्या लोह-अणूंना जोडणाऱ्या रेषेत) ओढला, तर त्याच दिशेतला रोध उतरतो, आणि तोही साध्या धातूच्या कितीतरी पट. सुमारे 138 केल्विनला या स्फटिकाची चौरस जाळी आयताकृती होते. त्याच्या वरच्या तापमानांतच इलेक्ट्रॉन त्या बदलाच्या काठावर असतात, चिमूटभर स्ट्रेन (लांबीतला सापेक्ष बदल) त्यांना एका दिशेला कलंडवतो. हे सगळं 77 केल्विनच्या वरच घडतं, म्हणून इंदूरला माझं काम द्रव नायट्रोजनवर भागलं. कोबाल्ट मिसळून आणलेलं अतिवहन (रोध शून्य होणं) 25 केल्विनच्या आसपासचं, त्याला हीलियमच हवा.

स्फटिकाच्या कडांवर मी विसंबलो नाही. लाऊए फोटो (अक्षांची दिशा दाखवणारं क्ष-किरण चित्र) काढून चौरस अक्षाशी 45 अंशांवर, म्हणजे लोह-लोह दिशेत, पट्टी कापली: 2 मिमी लांब, अर्धा मिमी रुंद. चिकटपट्टीने सोलत जाडी 50 मायक्रॉनच्या खाली आणली. जाड पट्टीत स्ट्रेन वरच्या थरापर्यंत पोचतच नाही, आकडा उगाच लहान येतो. 25 मायक्रॉनच्या सोन्याच्या चार तारा सिल्व्हर पेस्टने लावल्या आणि पट्टी पिझो स्टॅकच्या (व्होल्टेज दिलं की लांबणारा ठोकळा) बाजूवर इपॉक्सीने बसवली. स्टॅकच्या दुसऱ्या बाजूला 120 ओहमचा स्ट्रेन गेज, प्रत्यक्ष स्ट्रेन मोजायला. इंदूरच्या सियागंज बाजारात मिळणारा दोन ट्यूबवाला इपॉक्सी चालतो, फक्त थर पातळ हवा. बुडबुडा राहिला तर थंड होताना पट्टी तडकते.

थंडीत स्टॅकला −50 ते 150 व्होल्ट दिले. खोलीच्या तापमानाला मात्र एवढं ऋण व्होल्टेज देऊ नये, स्टॅकचं ध्रुवीकरण उतरतं. मिळणारा स्ट्रेन दहा हजारात एकाच्या घरातला. व्होल्टेजसमोर रोधाचा आलेख काढला की पिझोच्या हिस्टेरेसिसचं (जाता-येता वेगळी वाट) वेटोळं दिसतं. गेजच्या स्ट्रेनसमोर काढला की तेच वेटोळं मिटून सरळ रेष होते. नाही मिटलं, तर गोंद सरकतोय किंवा पट्टीला चीर गेलीय. माझी पहिली पट्टी अशीच गेली.

शून्य व्होल्ट म्हणजे शून्य स्ट्रेन नव्हे. स्टॅक आणि स्फटिक थंडीत वेगवेगळे आक्रसतात, म्हणून रेषेचा चढ घ्यायचा, छेद (रेषा अक्षाला कापते तो आकडा) नाही. चढ 138 केल्विनकडे येताना क्यूरी-वाइस वळणाने (जवळ जाऊ तसा अधिकाधिक वेगाने) वाढतो. पण एकट्या चढात सममित भागही (दोन्ही दिशांना सारखाच होणारा बदल) मिसळलेला असतो. तो काढायला पट्टी स्टॅकवर आडवी लावून पुन्हा मोजलं आणि वजाबाकी केली.

पावसाळ्यात क्रायोस्टॅट (नमुना थंड ठेवणारं भांडं) पूर्ण तापेपर्यंत उघडू नये. दंव पडून सिल्व्हर पेस्टचे जोड सुटतात. आयर्न सेलेनाइड घेतलंत, तर हाच चढ 90 केल्विनजवळ चढतो आणि चिन्ह उलटं येतं. तारा उलट्या जोडल्यात म्हणून खोलायला जाऊ नका.