मागचं डावं चाक

भोसरी एमआयडीसीत गेली एकोणीस वर्षं मी मेंटेनन्सला आहे. बेअरिंग काढणं आणि बसवणं, यावरच घर चाललंय. मशिनचा स्पिंडल खोलायचा, नवीन बेअरिंग इंडक्शन हीटरवर ११० अंशांपर्यंत तापवायचं, हातमोजे घालून शाफ्टवर अलगद सरकवायचं. आयटीआयची नवी पोरं आली की पहिल्याच दिवशी त्यांना दम देतो, बेअरिंगला हातोडी दाखवायची नाही. असा मी, आणि स्वतःच्या गाडीचं मागचं बेअरिंग गेलंय हे कळायला मला दोन महिने लागले.

गाडी २०११ सालची, छोटी, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेली. वेग साठच्या वर गेला की मागून घोंऽऽ असा आवाज. बायको म्हणायची, विमानात बसल्यासारखं वाटतंय. मी टायरला दोष दिला. टायरवाल्यानेही माझीच री ओढली आणि बॅलन्सिंगचे सातशे रुपये घेतले. पुढचे टायर मागे, मागचे पुढे करून झाले. आवाज होता तिथेच. टायरचा असता तर टायरबरोबर पुढे यायला हवा होता, पण तेव्हा माझ्या डोक्यात काही हे शिरलं नाही.

एप्रिलमध्ये सासरे आले. मामा एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले. गाड्यांच्या बॉडीवर रिव्हेट मारण्याच्या दणदणाटात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे आता कान जवळजवळ गेलेत. टीव्ही लावला तर शेजाऱ्यांनाही बातम्या कळतात. त्यांना घेऊन कासारवाडीला निघालो होतो. नाशिक फाट्याच्या पुलावर उजवं वळण घेताना आवाज वाढला तशी बायको ओरडली, "आलं बघ विमान!" मामांना आवाज ऐकू गेला नाही, तिचं ओरडणं तेवढं गेलं. मग त्यांनी सगळं विचारून घेतलं. डाव्या वळणाला येतो का? नाही, उजव्यालाच. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर पडतो. मामा एवढंच म्हणाले, "घरी चला, चाक उचलून बघू."

पार्किंगमध्ये मागची डावी बाजू जॅकवर घेतली. मी चाक हाताने गरकन फिरवलं आणि कान लावला. मला तर काहीच वेगळं वाटलं नाही. मामा खाली बसले, चाकामागे हात घालून सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर तळहात ठेवला, म्हणाले, "फिरवा." फिरवलं. डोळे मिटून दहा-बारा सेकंद बसले. "आता उजवं." तिथेही तसंच. उठताना गुडघ्यावर हात टेकत म्हणाले, "उजवं चांगलं हाय, त्याला हात लावू नका. ह्ये डावं गेलंय." मग मीही डाव्या स्प्रिंगवर हात ठेवून पाहिला. बारीक, वाळूत चमचा फिरवावा तशी किरकिर बोटांना लागत होती. मशिनला व्हायब्रेशन मीटर लावणारा मी, मला ही स्प्रिंग सुचली नव्हती.

गॅरेजला द्यायची का, असा प्रश्नच आला नाही. माझा धंदाच तो! बुधवारी नाना पेठेतून दोन बेअरिंग, ऑईल सील आणि नवा नट आणला. बेअरिंगवरच्या नंबरमधले शेवटचे दोन आकडे, ते ०४ किंवा जास्त असतील तर, पाचने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिळतो. ६२०५ म्हणजे २५ मिमी. दुकानदार खोक्यात हात घालून काहीही देऊ लागला, तरी एवढं माहीत असलं की आपण फसत नाही. रात्री दोन्ही बेअरिंग पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये, मटारच्या बाजूला. बायकोने एकदा बघितलं आणि काही बोलली नाही. हे जास्त वाईट.

गुरुवार म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांची सुट्टी. सकाळी आठला सुरुवात केली. गाडी पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या चाकांना लाकडी ओंडके, हँडब्रेक सोडलेला, कारण तो ओढला तर ब्रेकचा ड्रम निघत नाही. मधला नट टायर जमिनीवर असतानाच तीन फुटी पाईप लावून ढिला केला. गाडी जॅकवर चढवून तो सोडवायला जाणाऱ्यांचं मला काळजी वाटण्याइतकं कौतुक आहे. मग जॅक, आणि जॅकवर विश्वास नाही म्हणून अ‍ॅक्सलखाली घोडी. ड्रम चिकटून बसलेला. त्याला दोन आट्यांची भोकं असतात, त्यात ८ मिमीचे बोल्ट आळीपाळीने आवळत गेलो तसा कुरकुरत बाहेर आला. आतली काळी धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो.

ड्रममध्ये दोन बेअरिंग असतात आणि त्यांच्यामध्ये एक नळी, स्पेसर. लांब पंच घालून स्पेसर थोडा बाजूला सरकवला, आणि आतल्या बेअरिंगला गोल गोल फिरत ठोके देत ते खाली पाडलं. दुखणं तिथेच होतं. सीलमधून पावसाचं पाणी शिरलेलं, ग्रीस दुधाच्या कॉफीसारखं झालेलं, रेसवर, म्हणजे गोळ्या ज्यावर फिरतात त्या रिंगवर, खवले उडालेले.

ड्रम धुऊन गच्चीवर उन्हात ठेवला. हा माझा हीटर. हिशेब सोपा आहे. ५२ मिमी व्यासाचं बेअरिंग ३० अंशांवरून उणे १८ ला गेलं की साधारण ०.०३ मिमीने आकसतं. काळा बिडाचा ड्रम पुण्याच्या एप्रिलच्या उन्हात हात लावू देत नाही, तो तेवढ्याच प्रमाणात नाही पण थोडा तरी फुगतो. दोन्ही मिळून मिळेल तेवढी फट आपली. दुपारी एकला फ्रीझरमधलं पहिलं बेअरिंग काढलं, जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग वर ठेवली, चार हलके ठोके आणि ठक्! तळ लागल्याचा आवाज बदलतो, तो आला. मनात म्हटलं, बघा.

स्पेसर ठेवला, दुसरं बेअरिंग काढलं, आणि फोन वाजला. कंपनीतून. सुट्टीच्या दिवशीही एक फर्नेस चालू असतो, त्याच्या ब्लोअरने मान टाकली होती. वीस मिनिटं फोनवर. परत आलो तर बेअरिंगवरचं दव वाळून गेलेलं आणि ड्रम सावलीत आलेला. तरीही ठोकायला घेतलं. तिरकं बसलं. जुनी रिंग कुठे ठेवली ते सापडेना. हाताशी पान्याचा एक मोठा सॉकेट होता, तो ठेवला आणि दोन दणके दिले. गेलं आत. सॉकेट टेकला होता आतल्या रेसवर, म्हणजे प्रत्येक दणका गोळ्यांमधून गेला. पोरांना पहिल्या दिवशी सांगतो ती हीच गोष्ट. मला ते कळलं नाही असं नाही. कळलं, आणि मी म्हटलं, दोनच तर मारलेत.

मामा दुपारची झोप काढून चहाचा कप घेऊन खाली आले. ड्रम मांडीवर घेतला. आतल्या रेसमध्ये दोन बोटं घातली, किंचित दाबली आणि सावकाश फिरवलं. एक फेरी. दुसरी. चहा थंड होत होता.

"पाहुणं, ह्याला दणका कुणी दिला?"

मी म्हणालो, "फोन आला होता मामा."

ते हसलेही नाहीत. "फोननं दिला व्हय?"

गोळी आणि रेस एकमेकांना अगदी ठिपक्याएवढ्या जागेवर टेकतात, त्यामुळे छोट्या दणक्यानेही रेसवर खळगे उमटतात. ब्रिनेल नावाच्या स्वीडिश इंजिनिअरने १९०० साली कठीणपणा मोजायला स्टीलची गोळी धातूवर दाबून खळगा मोजायची पद्धत काढली. मी तीच परीक्षा नव्या बेअरिंगची घेतली होती.

परत नाना पेठ. दुचाकीवर, भर उन्हात, जाऊन-येऊन दोन तास. नवीन बेअरिंग बसवताना हातोडी हातात घेतलीच नाही. १६ मिमीचा आट्यांचा स्टड, दोन्ही बाजूंना जाड वॉशर, आणि आता गाडीच्या छपरावरच सापडलेली ती जुनी रिंग. नट आवळत गेलो तसं बेअरिंग सरळ ओढलं गेलं.

नट बसवताना मात्र वाद झाला. मामा म्हणाले, आवळा आणि पाव आटा मागं घ्या. एसटीच्या हबात टेपर रोलर, म्हणजे निमुळत्या रोलरची बेअरिंग असतात, तिथे तेच बरोबर. इथे स्पेसर आहे. तो दोन्ही आतल्या रेसमध्ये आवळला गेला तरच बेअरिंग जागेवर राहतं, म्हणून मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे तिथे दिलेल्या जोराने, पूर्ण आवळायचं. मामांनी ड्रमच्या भोकात बोट घालून स्पेसर चाचपून पाहिला आणि म्हणाले, "तुमचं खरं." नवा नट टॉर्क पान्याने आवळला, तो सुटू नये म्हणून त्याची कॉलर खाचेत ठोकली. अंधार पडला होता. मी चाक फिरवलं, मामांनी स्प्रिंगवर हात ठेवला. बराच वेळ. मग हात पँटला पुसला आणि जिन्याकडे निघाले. जेवायची वेळ झाली होती.

दणका खाल्लेलं बेअरिंग मी कंपनीत टेबलावर ठेवलंय. वरून नवं कोरं दिसतं. आयटीआयची पोरं आली की एक चांगलं आणि हे, दोन्ही हातात देतो आणि विचारतो, यातलं खराब कोणतं? आतापर्यंत सात जणांपैकी दोघांनी ओळखलं. त्यातल्या एकाने अंदाजाने सांगितलं हे नंतर कबूल केलं.

मी स्वतः डोळे मिटून करतो तेव्हा चारांत एकदा चुकतो.