निवृत्ती, एस्टिमेटेड टॅक्स आणि फॉर्म २२१०: माझा अनुभव

अमेरिकेत नोकरीत असेपर्यंत फेडरल टॅक्स दर पगारातून परस्पर कापला जातो, आपल्याला फक्त पे-स्टबवर दिसतो. मी २०२४ च्या मार्चअखेर निवृत्त झालो, वय ६३. पुढच्या वसंतात रिटर्न भरायला बसलो, तर सॉफ्टवेअरने फॉर्म १०४० च्या ३८ व्या ओळीत एस्टिमेटेड टॅक्स पेनल्टी (पगारातून न कापला गेलेला कर वर्षभरात अंदाजाने हप्त्यांत भरला नाही तर लागणारा दंड) म्हणून सातशे डॉलरच्या घरातली रक्कम मांडलेली. सगळा कर १५ एप्रिलच्या आत भरणारच होतो, मग दंड कशाचा?

दंड म्हणतात, पण हे व्याजच आहे. कर किती भरला याबरोबरच तो कधी भरला हेही आयआरएस (अमेरिकेचं कर खातं) बघते. हप्त्यांच्या तारखा १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढची १५ जानेवारी. नाव तिमाही, पण दुसरा हप्ता जेमतेम दोन महिन्यांत येऊन उभा राहतो! ज्या हप्त्यात कमी पडलं, तिथून व्याज सुरू. २०२४ मध्ये दर ८ टक्के होता, जानेवारी २०२५ पासून ७.

यातून सुटायच्या वाटा ठरलेल्या आहेत. विथहोल्डिंग (आधीच कापलेला कर) वजा जाता देणं हजार डॉलरच्या आत असेल तर दंड नाही. यंदाच्या कराच्या ९० टक्के किंवा गेल्या वर्षीच्या कराच्या १०० टक्के वेळेवर भरले असतील तरीही नाही. गेल्या वर्षीचं एजीआय (ठरावीक वजावटींनंतरचं एकूण उत्पन्न) दीड लाख डॉलरच्या वर असेल, तर १०० च्या जागी ११० टक्के. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी ही दुसरी वाट महागात जाते, कारण गेलं वर्ष पूर्ण पगाराचं असतं. म्हणून ९० टक्क्यांचा अंदाज बांधावा लागतो, आणि डिसेंबरात म्युच्युअल फंड किती कॅपिटल गेन (गुंतवणूक विक्रीचा नफा) वाटणार हे आधी नक्की कळत नाही.

माझ्या बाबतीत आणखी एक भानगड होती. पेन्शन सुरू होताना मी डब्ल्यू-४पी (पेन्शनमधून कर कापायला सांगणारा फॉर्म) भरून दिला होता. पण पेन्शन बघणाऱ्या कंपनीकडून कपात सुरू व्हायला शरद ऋतू उजाडला.

मग या दंडाचा हिशेब करायचा आणि माफी मागायचा फॉर्म २२१० उघडला. तो वाचायला कंटाळवाणा आहे, पण पार्ट टू मधल्या चौकटी नीट वाचाव्यात. विथहोल्डिंग वर्षात कधीही कापलेलं असो, एरवी ते चारही हप्त्यांत समान वाटलं जातं. डिसेंबरात कापणाऱ्याची यात चांदी होते. पण माझं बहुतेक विथहोल्डिंग पहिल्या तीन महिन्यांच्या पगारातलं, त्याचे चार भाग झाल्यावर एप्रिलचा हप्तासुद्धा अपुरा दिसू लागला. बॉक्स डी वर खूण केली की कपात प्रत्यक्ष ज्या तारखेला झाली तीच धरली जाते. वर्षाच्या सुरुवातीला निवृत्त होणाऱ्यांनी हा बॉक्स तपासायलाच हवा. माझ्या सॉफ्टवेअरने तो आपणहून सुचवला नाही.

बॉक्स सी म्हणजे शेड्यूल एआय, उत्पन्न प्रत्यक्ष कधी आलं त्यानुसार हप्ते ठरवणारा तक्ता. यात मार्च, मे, ऑगस्ट आणि डिसेंबरअखेरपर्यंतचं उत्पन्न वेगळं मांडायचं. ब्रोकरेजची दर महिन्याची स्टेटमेंट्स जेवणाच्या टेबलावर पसरली. वर्षभराचा आकडा काढायला मेअखेरच्या आकड्याला २.४ ने गुणायचं, ऑगस्टअखेरच्या आकड्याला १.५ ने. उत्पन्न वर्षभर सारखं येत असेल तर या वाटेला जाऊ नका. मी रॉथ कन्व्हर्जन (निवृत्ती खात्यातली रक्कम कर भरून रॉथ खात्यात हलवणं) नोव्हेंबरात केलं होतं, म्हणून फरक पडला. सी आणि डी मिळून रक्कम निम्म्याहून खाली आली.

एवढ्यावर थांबलो असतो, पण पहिल्याच पानावर बॉक्स ए होता, पूर्ण माफीचा. त्या वर्षी किंवा आदल्या वर्षी, वयाच्या ६२ नंतर निवृत्त झालेल्यांना तो मागता येतो. नुसतं वय पुरत नाही, हप्ता चुकण्याला रास्त कारण लागतं. डब्ल्यू-४पी ची तारीख असलेली प्रत, कपात शून्य दाखवणारी पेन्शनची स्टेटमेंट्स, निवृत्तीची तारीख असलेलं कंपनीचं पत्र आणि माझं जन्मतारखेसह पाऊण पानाचं निवेदन जोडलं. निवेदनात घटनाक्रम दिला, गयावया केली नाही. पूर्ण माफी मागताना पेनल्टीचा हिशेब द्यावा लागत नाही. एआयचे कागद नकार आला तर उपयोगी पडतील म्हणून बाजूला ठेवले. काही आठवड्यांनी मंजुरीचं पत्र आलं.

आता पेन्शनमधली कपात सुरळीत आहे. हिच्या सोशल सिक्युरिटीतून (सरकारी पेन्शन) डब्ल्यू-४व्ही फॉर्म भरून १० टक्के कापून घेतो (७, १०, १२ किंवा २२ एवढेच पर्याय मिळतात). उरलेलं आयआरएसच्या डायरेक्ट पे या ऑनलाइन सोयीवरून चार तारखांना. आणि डिसेंबरात हिशेब करून काही कमी पडत असेल, तर आयआरएतून (निवृत्तीच्या बचत खात्यातून) थोडी रक्कम काढून डब्ल्यू-४आर फॉर्मवर तिचा मोठा हिस्सा करापोटी कापून घ्यायचा. तो वर्षभर समान भरल्यासारखा धरला जातो, म्हणजे मागच्या हप्त्यांची भरपाई होते. मात्र काढलेली रक्कम स्वतःही करपात्र असते, ती हिशेबात धरावी.

राज्याचं खातं वेगळं. कॅलिफोर्नियात हप्ते ३०, ४०, ० आणि ३० टक्के असे असतात, आणि आयआरएसने माफी दिली म्हणून राज्याची आपोआप मिळत नाही. ती वेगळी मागावी लागते.