तुम्ही विचारलंत म्हणून: सोमवारी गहू का दळत नाही

परवाच्या सोमवारी पुन्हा तेच झालं. पावणेनऊच्या सुमाराला एका गृहस्थांनी दहा किलो लोकवनचा डबा स्कूटरवरून उतरवून पायरीवर ठेवला, घाम पुसला आणि विचारलं, "ताई, गिरणी तर चालू दिसतीय, मग गहू का नाही?" मी पाटीकडे बोट दाखवलं. "ते वाचलं हो, पण का?" पुढे तीन डबे होते, मशीनचा आवाज होता. मी म्हटलं, "आमचा नियम आहे." डबा परत स्कूटरवर चढवून ते गेले. जाताना जे तोंड केलं ते मला संध्याकाळपर्यंत दिसत राहिलं.

2019 पासून हे चाललंय. कुणी म्हणतं, मालकीणबाईंचा सोमवारचा उपास असेल. कुणी म्हणतं, हल्ली नाचणी-ज्वारीची मोठी गिऱ्हाइकं लागलीत, त्यांना आता आपली कणीक नकोशी झालीय. हे दुसरं बोलणं मला लागतं. या गिरणीचं सगळं आयुष्य गव्हावर चाललंय. सासऱ्यांनी धायरीत गिरणी टाकली तेव्हापासून दहातले सात डबे गव्हाचेच. म्हणून एकदा सगळं नीट सांगते.

आधी एक गोष्ट, जी गिरणीवाले सहसा बोलत नाहीत. दहा किलो गहू दिला की पीठ दहा किलो भरत नाही. थोडं कमीच भरतं आणि गिऱ्हाइकाच्या मनात पाल चुकचुकते. समोर बोलत नाहीत, पण घरी जाऊन काट्यावर ठेवतात, मला ठाऊक आहे. दळताना दगड तापतो, त्यात धान्याची ओल जाते. थोडं पीठ उडतं, ते भिंतीवर, पंख्यावर, माझ्या पदरावर बसतं. आणि थोडं दगडात राहतं. हे जे राहतं ते मी ठेवून घेत नाही, ते पुढच्या डब्यात जातं. तुमच्या पिठात आधीच्याचं थोडं असतं, तुमचं थोडं नंतरच्याच्यात. गव्हावर गहू असला तर कुणाला काही कळत नाही. गव्हावर ज्वारी आली तर पहिली ओंजळ बाजूला काढायची, झालं. सासऱ्यांनी असंच शिकवलं होतं आणि मीही तसंच करत आले.

आमचा आठवडाही याच हिशेबाने चालतो. शनिवार-रविवार कणीक, कारण नोकरदारांना तेव्हाच वेळ असतो. बाराच्या आत सगळ्यांना हवं असतं. "ठेवून जातो, पाच मिनिटांत आलोच" म्हणणारा माणूस रात्री नऊला उगवतो आणि शटर अर्धं खाली आलेलं बघून रागावतो. डबा एकाचा, झाकण दुसऱ्याचं. धान्य निवडून आणा म्हणून किती वेळा सांगायचं? मागच्या महिन्यात गव्हातून कपाटाचा स्क्रू आला. दगडात ठिणगी उडाली, मी धावत जाऊन बटण बंद केलं, तरी कडेचा टवका उडालाच. ज्यांचा डबा होता त्या म्हणाल्या, "आमच्याकडे असले स्क्रूच नाहीत." गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. ती नेमकी डबा अर्धा झालेला असताना जाते. दाणे दगडांच्या मध्ये अडकून बसतात. वीज आली तरी मोटर नुसती घुमते, मग चाक फिरवून दगड सैल करायचे, पट्टा हाताने ओढून बघायचा, तोवर दारात चारजणी उभ्या.

पण बुधवार मला आवडतो. बुधवारी एक आजोबा येतात, दोन किलो मालदांडी घेऊन. दोनच किलो, कधी अडीच नाही. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, मग आधणाचं पाणी घालून मळा, तरी ती चव नाही. त्यांच्या घरी भाकरी ते स्वतः थापतात. बाई गेल्या तेव्हापासून. दळण सुरू झालं की ते पुढे येतात, पीठ ज्या कापडी बाहीतून खाली पडतं तिच्याखाली हात धरतात आणि अंगठ्याने पीठ बोटांवर पसरून बघतात. जाड वाटलं तर माझ्याकडे बघतात, मी चाक जरासं आवळते. पुन्हा बघतात. मग मान हलते. इतक्या वर्षांत आम्ही दोघं वीस वाक्यं बोललो असू, पण ती मान हलली की माझा दिवस बरा जातो. थंडीत शाळेतून येणारी पोरं गरम डब्याला गाल लावून उभी राहतात. दिवाळीआधी भाजण्या येतात तेव्हा आख्खी गल्ली धण्याजिऱ्याच्या वासाने भरते. हे सगळं गेलं तर मी काय करीन, मला माहीत नाही.

आता सोमवारचं.

वरच्या सोसायटीतली एक मुलगी यायची. मुलगी म्हणजे तिशीची असेल, तिला सात वर्षांचा मुलगा होता. दर दहा दिवसांनी तीन किलो ज्वारी आणि किलोभर तांदूळ. मला मावशी म्हणायची. डबा ठेवताना प्रत्येक वेळी विचारायची, "मावशी, याच्या आधी काय दळलंय? गहू नाही ना? त्याला गहू अजिबात चालत नाही हो." मी म्हणायचे, "ज्वारीच चालू आहे, काळजी करू नको."

कधी ते खरं असायचं. पुष्कळदा नसायचं.

मी मुद्दाम फसवत होते का? तेव्हा विचारलं असतं तर मी भांडले असते. माझ्या डोक्यात असं होतं की ही नवी खुळं आहेत. पोट बिघडतं म्हणे गव्हाने! आम्ही चार भावंडं पोळी खाऊन वाढलो. पोर जरा नाजूक असेल, आई काळजीवाली. हिच्या समाधानासाठी एक शब्द बोलला तर कुणाचं काय जातंय? आणि पहिली ओंजळ मी काढतच होते. दगड उघडून साफ करायचा तर पाऊण तास जातो, तेवढ्यात पाच डबे होतात. किलोमागे मिळणार किती आणि मी थांबणार किती? हे सगळं मी स्वतःला सांगितलेलं आहे आणि त्यातलं काहीच पूर्ण खोटं नाही, हाच तर त्रास आहे.

नोव्हेंबरातला शनिवार होता. गव्हाचे सात डबे एकामागून एक काढले होते. आठवा डबा तिचा, सकाळीच ठेवून गेलेली. डब्यात नेहमीची चिठ्ठी, निळ्या पेनाने लिहिलेली: 'ज्वारी ३ किलो, बारीक, गव्हावर नको'. मी वर ज्वारी ओतली आणि मान वर केली तर ती दारात उभी. कधी आली होती कळलं नाही, मशीनच्या आवाजात कळतही नाही. सातवा डबा मी उचलून बाजूला ठेवला तो तिने बघितला होता. त्या डब्यात कणीक होती.

ती आत आली. बाहीखाली तिने हात धरला. पहिलं पीठ आलं ते पिवळसर, कणकेचंच. मग हळूहळू पांढरं होत गेलं. ती हातातल्या हातात बघत होती. मी पटकन म्हटलं, "हे काढणारच होते मी, पहिली ओंजळ काढते की." ती म्हणाली, "आणि नंतरचं?"

मी काही बोलले नाही. रांगेतल्या एकीने विचारलं, "काय झालं गं?" तिने पर्समधून एक घडी केलेला कागद काढला, उघडला नाही, नुसता धरला. म्हणाली, गेलं वर्षभर मुलाच्या रक्ताचा रिपोर्ट खाली येत नाहीये. उंची वाढत नाहीये. डॉक्टरांनी घरातलं एकेक विचारलं. बिस्किटं बंद, हिंगसुद्धा बदलला कारण त्यात मैदा असतो. शेवटी त्यांनी विचारलं, पीठ कुठून दळता? "मी म्हटलं, आमच्या मावशी आहेत, त्या बघून दळतात."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं पडलं असतं, मला भांडता येतं. ती म्हणाली, "मी दर वेळी विचारत होते ना, मावशी." हात झटकला नाही, पदराला पुसला नाही, ते पीठ तसंच मुठीत घेऊन निघून गेली. ज्वारी दळून झाली. डबा मी बाजूला ठेवला. तो न्यायला कुणी आलं नाही.

त्या रोगाला सिलिअॅक म्हणतात. भाची फार्मसी शिकत होती, तिने मला बसवून सांगितलं. गव्हात आणि जवात जो चिकट भाग असतो, ग्लुटेन, त्याने या मुलांच्या आतड्याचं आतलं अस्तर खराब होतं. अन्न अंगी लागत नाही. औषध नाही, जन्मभर ते धान्य टाळायचं एवढंच. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतो. पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये, असा सरकारचा नियम आहे. मी विचारलं, 20 मिलिग्रॅम म्हणजे किती कणीक? तिने हिशेब केला. कणकेत साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन धरलं तर पाव ग्रॅमच्या आतच मर्यादा संपते. मी चिमूटभर कणीक घेऊन सोनाराच्या काट्यासारखा तिच्या कॉलेजचा बारका काटा होता त्यावर ठेवली. पाव ग्रॅमपेक्षा जास्त भरली. आणि माझ्या दगडात किती राहत होती? ओंजळ ओंजळ.

त्यानंतर सोमवार सुरू झाला. रविवारी रात्री शटर ओढून मी दगड उघडते. दगड पुन्हा खरखरीत करायला टाकी मारायची असेल तर तेव्हाच मारते. ब्रशने दगडाभोवतीचं घर झाडते, कापडी बाही काढून दुसरी लावते, ती बाही फक्त सोमवारची. पंखा पुसते, भिंती पुसते, वजनकाटा पुसते. मग तीन किलो तांदळाची कणी दळून टाकून देते, म्हणजे गोठ्यात देते. सोमवारी सकाळी सात ते एक फक्त तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा. 2023 हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हापासून हौशीने नाचणी आणणारेही पुष्कळ येतात. पण ज्यांच्यासाठी हे केलं ती घरं पाचसहाच.

आणि त्या घरांनाही मी पहिल्याच दिवशी सांगते: मी खात्री देत नाही. सहा दिवस गहू दळलेला दगड एका रात्रीत कोरा होत नाही. एमरीचा दगड खरखरीत, खाचाखाचांचा, त्या खाचा आहेत म्हणून तर दळलं जातं. हवेत उडालेलं पीठ कुठे कुठे बसतं, माझ्या केसांत असतं. भाचीचं म्हणणं, अशांनी सामाईक गिरणीवर जायचंच नाही, घरघंटी घ्यावी आणि त्यात कधीच गहू घालू नये. ती बरोबर बोलते. ज्यांना घरघंटी परवडते त्यांना मी तेच सांगते, गिऱ्हाईक गेलं तरी सांगते. ज्यांना परवडत नाही त्या म्हणतात, "मग आम्ही काय करायचं? बाकीच्या गिरण्यांत तर एवढंही करत नाहीत." याचं उत्तर माझ्याकडे नाही. धाकटी जाऊ तोंडावर म्हणाली, "पूर्ण करता येत नाही तर अर्धं कशाला करता? उलट लोक निर्धास्त होतात." मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण रात्री बाही बदलताना तिचंच वाक्य डोक्यात असतं. हा सोमवार त्या पाच घरांसाठी आहे की माझ्यासाठी, मला अजून सांगता येत नाही.

ती मुलगी सोमवारीही कधी आली नाही. तिने घरघंटी घेतली असं कळलं. मुलगा आता मोठा झालाय, रस्त्यात दिसतो. उंच झालाय. मी त्याच्याशी बोलायला जात नाही. ती दिसली तर मान हलवते, मीही हलवते. तिचा स्टीलचा डबा फळीवर आहे, चिठ्ठी आतच आहे. एकदा नेऊन द्यायला निघाले होते, त्यांच्या गेटपर्यंत गेले आणि परत आले.

मागच्या खोलीत दुसरं छोटं मशीन बसवायचं, बिनगव्हाचं, वेगळ्या दाराचं, हे दोन वर्षं चाललंय. खोली जाऊबाईंच्या हिश्श्यात येते. बोलणं होतं, मग थांबतं.

तर परवाच्या गृहस्थांना, आणि रोज विचारणाऱ्या सगळ्यांना: गहू मंगळवारपासून केव्हाही आणा, निवडून आणा. सोमवारी रवा, सातू, भाजणी नको, भाजणीत बऱ्याच घरी गहू असतो. आणि खपली आणून "हा वेगळा असतो, हा चालतो" असं मला सांगू नका. खपली गहूच आहे.