घोडी म्हणजे उंदीर नव्हे

एकामागून एक स्लाइड कोरी निघत होती. एका पोनी घोडीच्या हायपोथॅलॅमसचे, म्हणजे मेंदूच्या तळाशी हार्मोनचा कारभार पाहणाऱ्या भागाचे काप, त्यातही प्रीऑप्टिक भागाचे, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या आसपासचे. उंदरावर किंवा मेंढीवर काम केलेला माणूस जीएनआरएच न्यूरॉन, म्हणजे प्रजननाची साखळी सुरू करणारं हार्मोन बनवणाऱ्या चेतापेशी, शोधायला आधी इथेच येतो.

फ्रान्समध्ये, ल्वारच्या खोऱ्यात मी तेव्हा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करत होतो. शिक्षण पशुवैद्यकाचं, परळच्या कॉलेजातलं. मायक्रोस्कोपपेक्षा घोडीच्या गुदमार्गात हात घालून अंडाशय चाचपण्याची सवय जास्त. तिथे बीजाची पिशवी २५ मिलिमीटरची की ३५, हे बोटांना कळतं. इथे ज्याच्या मागे होतो तो न्यूरॉन नुसत्या डोळ्यांनी दिसतसुद्धा नाही.

आणि असतात तरी किती? उंदराच्या अख्ख्या मेंदूत आठशेच्या आसपास. इतर सस्तन प्राण्यांतही हिशेब हजार-दोन हजारांपलीकडे फारसा जात नाही. त्यांनी सोडलेलं दहा अमिनो आम्लांचं जीएनआरएच मेंदूखालच्या पिट्युइटरी ग्रंथीला जागं करतं, ती एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन सोडते, आणि मग कुठे अंडाशय कामाला लागतं. १९७१ मध्ये शास्त्रज्ञ अँड्र्यू शॅलींच्या गटाने या रेणूची रचना उलगडली, ती दीड लाखाहून जास्त डुकरांचे हायपोथॅलॅमस वाटून. प्रत्येक मेंदूत हा माल इतका थोडा.

कोरी स्लाइड दिसली की पहिला संशय अँटीबॉडीवर, म्हणजे जीएनआरएचला चिकटून त्याच्या पेशी रंगात उठवणाऱ्या प्रथिनावर जातो. पण आमची तंत्रज्ञ जुनी आणि पक्की. तिने त्याच ट्रेमध्ये, त्याच द्रावणात मेंढीचे काप घातले होते. गिनीपिगसारखे अपवाद सोडले तर सस्तन प्राण्यांत हे जीएनआरएच अगदी सारखंच असतं, त्यामुळे एकच अँटीबॉडी दोघींना चालते. मेंढीच्या प्रीऑप्टिक भागात तपकिरी पेशी लख्ख उठल्या होत्या : चातीसारख्या, मधे फुगीर, दोन्ही टोकांनी धागा निघालेला. (एकाच ट्रेमधल्या या दोघींची घड्याळं उलटी. दिवस लहान होऊ लागले की मेंढी माजावर येते, मोठे होऊ लागले की घोडी. रेणू मात्र तोच.) अँटीबॉडी निर्दोष सुटली.

मग मी घोडीची मीडियन एमिनन्सची स्लाइड लावली. न्यूरॉनचे धागे इथे येऊन हार्मोन बारीक रक्तवाहिन्यांत सोडतात आणि ते पिट्युइटरीकडे वाहून जातं. तिथे गच्च तपकिरी जाळं! म्हणजे हार्मोन भरपूर होतं. ते बनवणाऱ्या पेशीच मी चुकीच्या मोहल्ल्यात शोधत होतो. धाग्यांचा माग काढत मागे सरकलो. तिसऱ्या व्हेंट्रिकलच्या, म्हणजे मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीच्या तळाशी, आर्क्युएट न्यूक्लियस नावाच्या पेशींच्या पुंजक्याच्या आजूबाजूला त्या भेटल्या. घोळका नाही, एक इथे, पुढची दोन काप सोडून. पुढच्या भागातही नंतर तुरळक सापडल्या, पण मोठा वाटा मागेच. माणसातही त्या बऱ्याचशा मागेच असतात. या बाबतीत घोडी उंदरापेक्षा आपल्याला जवळची.

हा विस्कळीतपणा त्यांच्या जन्मातूनच येतो. या पेशी मुळात मेंदूतल्या नाहीतच. गर्भावस्थेत त्या नाकाच्या भागात तयार होतात आणि गंधाच्या नसांबरोबर चालत मेंदूत शिरतात. हे १९८९ मध्ये उंदराच्या गर्भात दिसलं. माणसात ही वाटचाल अडली की कालमन सिंड्रोम होतो : वयात येणं रखडतं आणि वासही येत नाही. स्त्रीरोग आणि नाक-कान-घसा हे दोन विभाग इथे एकाच रुग्णात भेटतात, आणि पुष्कळदा दोघांनाही ते उशिरा कळतं.

संध्याकाळी पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवरच्या सरांना फोन केला. त्यांच्याकडे रात्र झाली होती, पण घोड्यांचा डॉक्टर लवकर झोपतो कुठे. सगळं ऐकून ते म्हणाले, “अरे, घोडी तुझ्या पुस्तकाप्रमाणे वागली होती कधी? गाय एका दिवसात माजावरून उतरते, ही पाच-सात दिवस उभी. गायीचा एलएच उसळतो, मग बीज फुटतं. हिचा चढत चढत जातो आणि शिखर गाठतो कधी, तर बीज फुटून गेल्यावर!”

पेशींची जागा आणि एलएचची ही संथ चढण यांचा थेट संबंध आहे, असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नव्हता. सरांना मात्र तो आहेच अशी खात्री होती. माझं लक्ष किसपेप्टिनवर गेलं. जीएनआरएच न्यूरॉनना ढोसणारा हा रेणू, आणि तो बनवणारे न्यूरॉन वेगळे. मेंढीत त्यांचे दोन अड्डे, एक प्रीऑप्टिक भागात, एक आर्क्युएटमध्ये. घोडीत ते प्रामुख्याने आर्क्युएटमध्येच मिळतात, म्हणजे ढोसणारे आणि ढोसले जाणारे शेजारीशेजारी. दोन्ही एकाच कापावर वेगवेगळ्या रंगांत उठवायचे ठरलं. आणि पुढच्या घोडीपासून मेंदूचा ठोकळा कापतानाच मागची हद्द मॅमिलरी बॉडीपर्यंत, म्हणजे हायपोथॅलॅमसच्या अगदी मागच्या टोकापर्यंत न्यायची, असं तंत्रज्ञबाईंनी फ्रीजच्या दारावर लाल शाईत लिहून चिकटवलं.