रात्री दोनला उडणारा ड्राइव्ह

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, त्या शेडमध्ये एका मशीनच्या एक्स ॲक्सिसचा ड्राइव्ह, म्हणजे त्या दिशेची मोटर चालवणारं सर्किट, तीन आठवड्यांत दोनदा जळला. दोन्ही वेळा मीच बदलला. दोन्ही वेळा सगळं तपासून, मशीन चालवून दाखवून घरी आलो होतो. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा शेडवाल्या काकांचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचंच मला जास्त लागलं. "दिवसा काही होत नाही रे. रात्रपाळीत दोन-अडीचलाच उडतो. तू एकदा रात्रीच ये."

मशीन म्हणजे धातू कापणारं जुनं मिलिंग, त्यावर नंतर सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटर कंट्रोल, बसवलेलं. तीन डीसी सर्वो मोटरी, तीन ड्राइव्ह, आणि तिघांना मिळून एकच पॉवर सप्लाय. 48 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा ब्रिज, आणि पुढे चार्ज साठवणारा डब्याएवढा एक कपॅसिटर, लेबलवर 10,000 मायक्रोफॅरड, 100 व्होल्ट. बसवर, म्हणजे तिथून ड्राइव्हना जाणाऱ्या डीसी लाइनवर, लोड नसताना 48 च्या शिखराचे 66 व्होल्ट मिळायचे. ड्राइव्हची मर्यादा 80. चौदा व्होल्टांची जागा पुरेशी आहे असं मी धरून चाललो होतो.

कपॅसिटरचा हिशेब मी पहिल्याच भेटीत केला होता. आपल्याकडे 50 हर्ट्झ, म्हणजे ब्रिजनंतर दर 10 मिलिसेकंदांनी कपॅसिटर भरला जातो. मधल्या वेळात मोटरी त्यातूनच करंट ओढतात. 6 अँपिअर गुणिले 10 मिलिसेकंद, भागिले 10,000 मायक्रोफॅरड, की 6 व्होल्टांचा रिपल, म्हणजे बसच्या व्होल्टांची वरखाली. सप्लायच्या दहा टक्क्यांच्या आत. अमेरिकन कागदांतून आलेला 80,000 गुणिले अँपिअर भागिले व्होल्ट हा लागणारे मायक्रोफॅरड काढायचा ठोकताळा बरेच जण वापरतात, पण तो 60 हर्ट्झचा. इथे 80,000 च्या जागी एक लाख धरावा लागतो. तसा धरला तरी 9,000 च्या आसपासच उत्तर येत होतं. गणित बरोबर होतं. मी ते लेबलवरचा आकडा घेऊन केलं होतं, एवढंच.

रात्री साडेबाराला दांडिया बाजारातून स्कूटर काढली. शेडमध्ये पोचल्यावर आधी मेन्सला मीटर लावला. दुपारी 230 असणारे व्होल्ट 250 ला टेकले होते. आजूबाजूच्या शेड बंद, लाइनवर लोड नाही. बस 66 वरून 72 वर गेलेली. चौदा व्होल्टांची जागा आठवर आली होती, आणि हे मी दिवसा कधीच पाहू शकलो नसतो.

मग बसवरचा मीटर पीक होल्डवर, म्हणजे सर्वांत वरचा आकडा धरून ठेवायला, टाकला आणि काकांच्या मुलाला सांगितलं, एक्स सत्तर टक्के वेगाने पळव आणि झटक्यात थांबव. त्याने बटण सोडलं. 77.

मी मीटरकडे बघतच राहिलो. थांबताना मोटर जनरेटर होते हे मला माहीत नव्हतं असं नाही. कलाभवनात इंजिनिअरिंग शिकताना अर्धा सी व्ही वर्ग, हे कपॅसिटरमधल्या ऊर्जेचं सूत्र, किती वेळा लिहिलं असेल! पण ड्राइव्हच्या सप्लायला ते लावून बघितलं नव्हतं. फिरत्या मोटरीतली ऊर्जा थांबताना बसवर परत येते. ब्रिज ती लाइनमध्ये मागे जाऊ देत नाही. मग ती साठवायला कपॅसिटरशिवाय कोण आहे? वेग सत्तर टक्के म्हणजे ऊर्जा, वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने, निम्मीच. तिथेच कागद घेऊन पूर्ण वेगाचा हिशेब केला. रात्री 82, दिवसा 76. मर्यादा 80. त्या जॉबचा लांब रॅपिड, म्हणजे न कापता पूर्ण वेगाची धाव, एकट्या एक्सवर होता, त्यामुळे घाव दर वेळी तिथेच.

आता कपॅसिटर. मशीन बंद केलं, बस खाली उतरल्याची मीटरवर खात्री केली, वायरी सोडवल्या. डबा हातात घेतला तर वरची चकती बोटाला किंचित फुगीर लागली, उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसली नसती. मोजला. 10,000 च्या जागी 3,900. ट्रान्सफॉर्मरला चिकटून, गरम पॅनेलमध्ये वर्षानुवर्षं बसून आतलं इलेक्ट्रोलाइट सुकलं होतं. दर 10 अंशांनी तापमान वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण अर्ध्यावर येतं.

"काका, जड कट घेताना मोटर दबते असं तुम्ही मागे म्हणाला होतात ना?"

"म्हणालो होतो. तू इन्सर्ट बदलायला सांगितलंस."

हो, इन्सर्ट म्हणजे कापणारी टोकं बदलायला मीच सांगितलं होतं. 3,900 वर रिपल 15 व्होल्टांचा होतो. मशीन आपलं दुखणं आधीच सांगत होतं आणि काकांनी ते माझ्यापर्यंत पोचवलंही होतं. जळालेल्या दोन ड्राइव्हपैकी एकाचे पैसे मी घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी 22,000 चे दोन, 100 व्होल्टांचे, पॅरललमध्ये लावले, ट्रान्सफॉर्मरपासून लांब, पंख्याच्या वाऱ्यात. रिपलपुरते 10,000 भागले असते, पण तिन्ही मोटरी एकदम थांबल्या तर चांगला 10,000 वालासुद्धा रात्री 83 पर्यंत गेला असता. 44,000 वर तोच आकडा 75. वर 76 ला चालू होऊन जास्तीची ऊर्जा जाळणारा 10 ओहमचा डंप रेझिस्टर दिला. एवढी कपॅसिटरची बँक रिकामी असताना चालू करणं म्हणजे क्षणभर शॉर्टच, म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला, मेन्सच्या बाजूला, 47 ओहमचा रेझिस्टर आणि सेकंदभराने तो बायपास करणारा रिले. शेवटी बँकेवर 1 किलोओहमचा ब्लीडर, म्हणजे बंद केल्यावर ती रिकामी करणारा रेझिस्टर, 10 वॅटचा. हा कुणी वगळू नये. 72 व्होल्टांना त्या दोन डब्यांत शंभर ज्यूलांहून जास्त ऊर्जा असते, आणि मशीन बंद केल्यावर पॅनेलमध्ये हात घालणारा बहुतेक वेळा काकांचा मुलगाच असतो. चार मिनिटं थांबून, मीटर लावूनच हात घालायचा, असं त्याला दोनदा म्हणायला लावलं.

दोन्ही डब्यांवर मार्करने तारीख आणि मोजलेली किंमत लिहिली. रात्री पुन्हा गेलो, तोच जॉब, तोच प्रोग्रॅम, मेन्स 249. पहाटे चहाबरोबर काकांनी मीटर माझ्याकडे वळवला. पीक होल्डवर 73 होते.